गुणीला हाक

डॉ. निरंजन धारवाडकरांच्या भाषणात रेडा हमखास यायचा, रेडकू तर यायचंच यायचं. रेडकाची आई मात्र कधी यायची नाही. गिरिजा दहिहंडे पहिल्या रांगेत बसून ती भाषणं वर्षानुवर्षं ऐकत आली होती आणि टाळ्याही वाजवत आली होती. एवढी ढळढळीत गोष्ट आपल्याला दिसली कशी नाही, याचा राग तिला पुढं कायमचा पुरला.

त्या सकाळी पुण्यात ‘वृषांक बायोटेक’च्या कचेरीत दिवाळी पाडव्याच्या कार्यक्रमाची बैठक चालली होती. कार्यक्रम कोल्हापुरात, गिरिजाच्याच गवळ आळीत व्हायचा होता. आळीची लेक, कंपनीची मुख्य जनुकशास्त्रज्ञ म्हणून तिचा सत्कार ठरला होता आणि धारवाडकर सर, ज्यांच्या हाताखाली तिनं पीएचडी केली ते, स्वतः तिला शाल घालणार होते. शालीचा रंग कुठला यावर चर्चा चालू असताना बसूदादाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा, फोन आला.

गुणीचे दिवस उलटून गेले, असं तो म्हणाला. कास तटतटलीय, माकडहाडाकडचं अंग ढिलं पडलंय, पण व्यायचं नाव नाही. गिरिजानं विचारलं, पोटाचा पट्टा काय दाखवतोय?

“हिरवागार,” बसूदादा म्हणाला. “लईच हिरवा हाय, म्हणून तर फोन केला न्हाई इतके दिवस.”

गुणी म्हणजे दहिहंड्यांच्या गोठ्याचा अभिमान. पंढरपुरी म्हैस, अंगानं सडसडीत आणि शिंगं पाठीवरून मागं पार कंबरेपर्यंत गेलेली. पाडव्याला आळीत म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं खोवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि मालकानं गर्दीच्या पार टोकाला उभं राहून हाक मारायची. हलग्या, फटाके, माणसांची दाटी, सगळं कापत म्हैस आपल्या मालकाकडं धावत आली पाहिजे. आळीतला हाच कायदा. पूर्वी एकदा एका म्हशीवर दोन घरांनी हक्क सांगितला, तेव्हा पंचांनी कागद बघितले नव्हते, पाडव्याला दोघांनाही हाक मारायला लावली होती. ज्याच्या हाकेला आली, त्याची म्हैस. बसूदादाच्या हाकेला गुणी अशी यायची की बघणारे बाजूला व्हायचंच विसरत.

आता त्या गुणीच्या पोटात कंपनीचं ‘महाबळ’ वाढत होतं.

महाबळ ही काय चीज आहे, हे गिरिजाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडच्या म्हशी नदीच्या वाणाच्या. आसामच्या पलीकडं दलदलीच्या वाणाच्या म्हशी असतात, आखूड, दणकट, चिखलात नांगर ओढणाऱ्या. दिसायला दोन्ही म्हशीच, पण एकीच्या पेशीत पन्नास गुणसूत्रं आणि दुसरीच्या अठ्ठेचाळीस. हजारो वर्षं दोन्ही घराणी एकमेकांपासून लांब राहिली. त्यांचा संकर केला की एका घराण्यातली दबून राहिलेली उणीव दुसऱ्या घराण्याचं जनुक झाकून टाकतं आणि रेडकू दोन्ही वाणांच्या सरासरीपेक्षा जोरात वाढतं. याला संकरजोम म्हणतात. मांसासाठी जनावर पाळणाऱ्या साऱ्या जगाचा धंदा या जोमावर चालतो. आळीत मात्र मांस हा शब्द कुणी उच्चारत नसे. ही लिंगायत गवळ्यांची घरं. पूर्वी नर रेडकाला दूध पाजणं परवडत नाही म्हणून ते उपाशीच मरायचं, आता ते वर्षभर सांभाळून ‘कंपनीला देतात’, एवढंच बोलायचं आणि पुढचं मनात आणायचं नाही.

गिरिजाचं काम जोमाच्या पुढचं होतं. काही जनुकं बापाकडून आली तरच काम करतात, काही आईकडून आली तरच. बापाकडची बहुतेक गर्भाला सांगतात, वाढ, आईकडं असेल तेवढं ओढून घे. आईकडची सांगतात, जरा बेतानं, हिला अजून जगायचं आहे. एकाच वाणात ही रस्सीखेच बरोबरीत सुटते. पण बाप परक्या वाणाचा आणि मुद्दाम निवडून काढलेला असला की दोर एकाच बाजूला जातो. वृषांकनं असे दलदली रेडे निवडले होते की त्यांचं रेडकू पोटातच दांडगं व्हायचं, वर आईच्या वाणाच्या नेहमीच्या मुदतीहून जास्त दिवस पोटात राहायचं. कंपनीच्या फार्मवर हा प्रयोग फत्ते झाला होता. तिथल्या आया मुऱ्हा जातीच्या, रुंद हाडाच्या होत्या. पंढरपुरी म्हशीचा कटिभाग अरुंद असतो, तिथं हे चालेल का, असं गिरिजानं एकदा विचारलं होतं. ते प्रत्यक्ष वापरात कळेलच, असं उत्तर मिळालं आणि ती गप्प बसली.

कळायसाठी तो पोटपट्टा होता. म्हशीच्या पोटाला बांधायचा, तो गर्भाचं वजन मोजत राहायचा. रेडकू लहान असलं तर तांबडा, बेताचं असलं तर पिवळा, मोठं असलं तर हिरवा आणि फार मोठं असलं तर गडद हिरवा. हा रंग गिरिजानंच निवडला होता.

ती बैठकीतून उठली ती तडक कोल्हापूरला आली. दुपारी गोठ्यात पोचली तेव्हा गुणी आडवी झाली होती आणि कळा येऊन येऊन दमली होती. पोटावरचा पट्टा तजेलदार हिरवा होता. शेजारी कंपनीच्या गाडीतून आलेला तरुण डॉक्टर, कुलदीप शेवाळे, हातमोजे घालून उभा होता. मुलगा सभ्य होता, कामातही तरबेज होता. गिरिजानं गेल्या कित्येक वर्षांत संगणकाशिवाय कशाला हात लावला नव्हता, पण पदवी जनावरांच्या डॉक्टरचीच होती. तिनं बाह्या सारल्या आणि हात आत घातला. रेडकाचं डोकं त्या वाटेनं येणं शक्यच नव्हतं.

दोन मार्ग होते. रेडकू आतल्या आत कापून तुकड्यांनी काढायचं, म्हणजे आई वाचते. किंवा आईचं पोट फाडून रेडकू जिवंत काढायचं, आणि इतक्या थकलेल्या म्हशीला ते सोसेल याचा काही भरवसा नाही. गिरिजा म्हणाली, रेडकू कापू. शेवाळे म्हणाला, मॅडम, मला परवानगी नाही. गाभण राहिल्याची खात्री झाली त्या दिवसापासून रेडकू कंपनीचं. करारात तसं आहे, बसवराज दहिहंड्यांची सही आहे.

तिनं धारवाडकरांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“रेडकू जिवंत आहे ना?” ते म्हणाले. “मग नेमकी अडचण काय आहे, गिरिजा?”

अडचण त्यांच्यासमोर नव्हतीच. ती इथं शेणात मान टाकून पडली होती. गिरिजा फोनवर भांडली, मग शेवाळेशी भांडली, मग सहीवरून भावावर ओरडली. या सगळ्यात जो वेळ गेला तो गुणीच्या वाट्याचा होता. शेवटी पोट फाडलं. रेडकू निघालं, प्रचंड, काळंभोर, आणि बाहेर पडताच फुरफुरलं. बसूदादा गुणीच्या डोक्याशी बसून तिचं नाव घेत होता. ती कान हलवत होती, मग हलवेनाशी झाली.

शेवाळेच्या माणसांनी गोठ्याच्या दारातच काटा टांगून रेडकू तोललं. तेवढ्यात गिरिजाच्या खिशातला फोन वाजला. प्रकल्पप्रमुख म्हणून तिला पहिला निरोप यायचा: कोल्हापूर विभागातलं आजवरचं सर्वांत वजनदार महाबळ, हार्दिक अभिनंदन. खाली फुग्यांचं चित्र होतं. आई या जनावराबद्दल त्यात अक्षर नव्हतं, कारण वाढ जन्मापासून मोजायची असते आणि त्या हिशेबात मेलेल्या आईला जागाच नसते. ही व्याख्याही गिरिजाचीच होती. तिला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. आईविना रेडकू कंपनी आपल्या केंद्रावर वाढवते, म्हणून गाडीवाले ते घेऊनही गेले.

तिसऱ्या प्रहरी चुलीपाशी बसलेली वैनी बोलली. शकुंतलावैनी एरवी कमी बोलायची.

“वन्सं, आपलीच गेली असं समजू नका. नामद्यांच्या दोन गेल्या. पलीकडच्या घुगऱ्यांची गेली. कुणी सांगत न्हाई.”

गिरिजाला खरं वाटेना. मग वैनीनं सांगितलं ते ऐकून तिला हसावं की रडावं कळेना. वेताला म्हैस दगावणं हा गवळ्याच्या हाताला बट्टा. हयगय केली, पेंड चुकली, घराची नजर वाईट, काय काय बोलतात. म्हणून म्हैस गेली की लोक गुपचूप पुरून येत, बाजारातून तशाच शिंगांची दुसरी आणून त्याच खुंट्याला बांधत आणि तिच्या गळ्यात मेलेलीची माळ घालत. जो तो आपली अब्रू झाकत होता आणि कंपनीचं आयतं फावत होतं. कंपनीनं विचारलं तर सगळे सांगत, म्हैस झकास आहे. बसूदादाही उद्याच्या बाजाराला निघाला होता.

गिरिजानं त्या संध्याकाळी तिच्या हातात असलेली एकच गोष्ट केली. दिवेलागणीच्या आत तिनं संगणकावरून कंपनीच्या यंत्रणेत शिरून पट्ट्यांचे रंग बदलले. म्हैस पंढरपुरी आणि रेडकू प्रमाणाबाहेर मोठं असेल तर पट्टा तांबडा. सोबत निरोप पाठवला: आई धोक्यात आहे, मुदतीआधी व्यायला लावायचं इंजेक्शन ताबडतोब घ्या. रेडकू लहान निघेल, पण आई जगेल. गवळ आळीतल्या गोठ्यागोठ्यांत पट्टे लालबुंद झाले, बायका दारात येऊन एकमेकींना विचारू लागल्या.

सकाळी सगळे पट्टे पुन्हा हिरवे होते. सोबत कंपनीचा खुलासा होता: तांत्रिक बिघाडामुळं चुकीचा रंग दिसला, पशुपालकांनी घाबरू नये. यंत्रणेतला गिरिजाचा प्रवेश बंद झाला होता.

धारवाडकरांनी मात्र स्वतः फोन केला. ते चिडलेले नव्हते, समजूत घालत होते. मोठ्या गोष्टीत थोडं नुकसान होतंच, पंढरपुरी म्हशी नाहीतरी हळूहळू जाणारच, त्यांच्या जागी रुंद हाडाच्या येतील. सत्कार तूर्त राहू दे, तू विश्रांती घे, असं म्हणाले.

“सर, आया मरताहेत,” ती म्हणाली.

“आपण वाढ मोजतो, गिरिजा. बाळंतपणं नाही.”

हा माणूस तिला मुलीसारखी मानत होता, तिच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिला होता. त्या क्षणी तिला त्याची शिसारी आली, आणि ज्या टाळ्या तिनं वाजवल्या त्यांचीही.

पुढचे दिवस ती आळीत दारोदार फिरली. पट्ट्यावर जाऊ नका, गाभण म्हशींना इंजेक्शन देऊन घ्या, औषध माझ्याजवळ आहे. लोक चहा देत, पुण्याची विचारपूस करत आणि म्हणत, आमच्याकडं तसं काही झालेलं नाही. थोरले गुंडाप्पा नामदे, ज्यांच्या दोन गेल्या होत्या, ते तर खुंट्याला बांधलेल्या बाजारातल्या म्हशीकडं बोट दाखवून म्हणाले, ही बघ की, ठणठणीत हाय. त्यांची तिसरी कोपऱ्यात गाभण उभी होती, गडद हिरवा पट्टा बांधून. गिरिजाला त्यांचा इतका राग आला की ती चहा तसाच टाकून उठली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती भावाजवळ बसली. बसूदादानं दुसरी म्हैस आणली नव्हती. वैनीनं खुंटा रिकामा ठेवायला लावला होता. उद्या आपण घरीच थांबू, तो म्हणाला. माळ घेऊन एकट्यानं कुठं जायचं, लोक काय म्हणतील.

“दादा, तू भाषण करू नकोस, कंपनीचं नावसुद्धा घेऊ नकोस,” ती म्हणाली. “तुझी पाळी आली की नुसती हाक मार.”

वैनीनं कवड्यांची माळ फळीवरून काढून पुसायला घेतली.

पाडव्याला चौकात मांडव घातला होता. व्यासपीठावर धारवाडकर, बाजूला कंपनीचं चिन्ह, आणि खाली कठड्यात ते रेडकू. महिना व्हायच्या आत ते वासरं लाजतील असं दांडगं झालं होतं. त्याच्या अंगावर कंपनीची जरीची झूल होती आणि वर फळीवर त्याचं वजन मोठ्या आकड्यांत लावलं होतं. गिरिजा गर्दीत उभी होती, हातात इंजेक्शनची थंड पेटी धरून.

म्हशी पळू लागल्या तसं काहीतरी बिघडत गेलं. मालक हाक मारत, आणि म्हैस जागची हलेना. कुणी दाव्यानं ओढलं, कुणी मागून ढोसलं. लोक हसले, मग हसायचे थांबले. आळीत सगळे जाणते होते; हाकेला न येणारी म्हैस कालची आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. पण मेलेलीचं नाव कुणी काढेना. नामद्यांनी तर आपली पाळी आल्यावर म्हशीचा पाय मुरगळलाय असं सांगून टाकलं.

मग बसवराज दहिहंड्यांचं नाव पुकारलं. तो म्हशीविना आला, दोन्ही हातांत माळ धरून. चौकाच्या पार टोकाला, जिथं दरवर्षी उभा राहायचा तिथं, जाऊन उभा राहिला. हलगीवाले गोंधळून थांबले. त्यानं एकदा वैनीकडं बघितलं आणि हाक मारली.

“गुणेऽऽ, ये गंऽऽ!”

ती हाक त्यानं रोज मारलेली होती, वैरण टाकताना, पाण्यावर नेताना, गुणी गाभण होती तेव्हाही रोज. पोटातलं पिल्लू शेवटच्या महिन्यांत ऐकू शकतं, हे गिरिजा शिकली होती. त्याचा अर्थ तिला त्या क्षणी कळला. कठड्यातल्या रेडकानं कान टवकारले. दुसरी हाक आली तसं ते उसळलं, कठड्याची बांबूची काठी मोडली, दावं धरलेला माणूस फरफटत गेला आणि त्यानं हात सोडला. गर्दी दुभंगली. फटाक्यांच्या चिंध्यांवरून पाय घसरत ते रेडकू सरळ बसूदादाकडं आलं, आणि माळेला नाक लावून हुंगू लागलं. माळेला अजून गुणीचा वास होता.

“बघा, काय ताकद आहे,” ध्वनिक्षेपकावरून धारवाडकरांचा आनंदी आवाज आला. “हीच ती वाढ.”

कुणीही टाळी वाजवली नाही. बसूदादा मोठ्यानं रडत होता आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती. तेवढ्यात गुंडाप्पा नामदे म्हातारा गर्दीतून पुढं झाला, बसूदादाशेजारी उभा राहिला, आणि त्यानं कापऱ्या आवाजात हाक मारली, “शेवंतेऽऽ!” थोडं थांबून दुसरी मारली, “हरणेऽऽ!” कुणी येणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. मग घुगऱ्यांच्या घरची हाक आली. मग मागच्या गल्लीतून एक आली, मग जिथून अपेक्षा नव्हती तिथून आल्या. झाकून ठेवलेली नावं चौकात एकामागून एक उभी राहू लागली, आणि प्रत्येक हाकेनंतर सगळी आळी जिवंत म्हशीची वाट बघावी तशी क्षणभर थांबत होती.

नामदे गिरिजाकडं आले. त्यांनी तिच्या हातातल्या पेटीकडं बघितलं.

“तिसरी अजून हाय माझी,” ते म्हणाले. “आत्ताच येतीस का, पोरी?”

त्यांच्यामागं आणखी माणसं उभी राहिली होती. पोटाचे पट्टे सोडून आणायला बायका घराकडं पळाल्या होत्या. गिरिजाच्या मनातला राग इतका साचला होता की तिला नीट हो म्हणताही आलं नाही, तिनं नुसती मान हलवली आणि निघाली.

तेवढ्यात कंपनीची माणसं दावं घेऊन बसूदादाकडं आली. मागोमाग धारवाडकर स्वतः व्यासपीठावरून उतरले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण बोलणं मऊ होतं. झालं ते वाईट झालं, बघू काय करता येईल, मात्र रेडकू कंपनीचं आहे, कागद आहेत, ते गाडीत घालू द्या, असं ते म्हणाले.

बसूदादानं डोळे पुसले. रेडकाच्या गळ्यात त्यानं माळ घातली, अंगावरची झूल काढून बाजूला ठेवली, आणि चार पावलं मागं सरला.

“तुमचं हाय न्हवं, साहेब?” तो म्हणाला. “मग हाक मारा. आलं तर न्या.”

सगळी आळी बघत होती. गिरिजाही थांबली. धारवाडकरांनी रेडकाकडं बघितलं, हात पुढं केला, हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. रेडकाच्या कानातल्या बिल्ल्यावर लांबलचक क्रमांक होता. नाव कुणी ठेवलेलंच नव्हतं.